वाचायच्या आधी निवडायला शिकवा

“बालवाडीत मुलगी दिवसभर मणी आणि बटणं वेगळी करते, अ-आ-इ कधी सुरू होणार?” “मुलाला सगळे रंग येतात, शंभरपर्यंत आकडे येतात, पण अक्षर दाखवलं की ठोकून देतो.” तीन ते सात वर्षांच्या मुलांचे पालक हे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिल्यांना वर्गवारी म्हणजे बाईंचा वेळकाढूपणा वाटतो. दुसऱ्यांना वाटतं, रंग-आकार झाले, म्हणजे आता वाचन आपोआप यायला हवं.

दोघांनाही उत्तर एकच आहे. वर्तमानपत्रातला ‘म’, दुकानाच्या पाटीवरचा ‘म’ आणि तुमच्या हस्ताक्षरातला वाकडातिकडा ‘म’ हे एकच अक्षर आहे आणि त्याच्यासारखा दिसणारा ‘भ’ मात्र वेगळा, हे मुलाला क्षणात ठरवता आलं पाहिजे. म्हणजे निवडणंच झालं की! पण लाल-निळे मणी वर्षभर निवडून ते येत नाही. वस्तूंकडून चित्रांकडे, चित्रांकडून आवाजाकडे आणि आवाजाकडून अक्षराकडे निवडणं सरकावं लागतं. बऱ्याच घरांत आणि बऱ्याच बालवाड्यांत गाडी अडते ती या मधल्या टप्प्यावर, आवाजाशी. त्यामुळे या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

पहिला टप्पा: घरातल्या वस्तू

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला दोनच ढीग आणि एकच नियम द्या. धुतलेल्या कपड्यांतून बाबांचे वेगळे, माझे वेगळे. मोज्यांच्या जोड्या. मंडईतून आलेली पिशवी परातीत उपडी करायची आणि पालेभाज्या एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. वेगळा वेळ काढायला नको, कामं होता होता हे होतं.

साडेतीन-चारच्या पुढे ढीग वाढवा. भाज्यांपुरतं बोलायचं तर मराठीने आपल्याला तयार कप्पे दिलेलेच आहेत: पालेभाज्या, फळभाज्या, शेंगभाज्या, कंद. ‘भाजी’ या एका शब्दाऐवजी मुलाला चार शब्द मिळतात आणि गवार, घेवडा, श्रावणघेवडा ही नावंही कानावर पडतात. पुढे धड्यात ‘शेंगा’ हा शब्द आला, की त्याच्या मनात चित्र तयार असतं.

या वयात बरोबर-चूक यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: “कशावरून लावलंस?” स्वयंपाकघरातला खण मुलाला लावायला दिला आहे, असं समजा. डाव, पळी, चमचे, सांडशी, झारा, गाळणी, किसणी. त्याने झारा, गाळणी आणि किसणी एकत्र ठेवली. आजी म्हणते, “अरे, गाळणी चहाच्या भांड्याजवळ ठेव ना.” मूल म्हणतं, “पण हिला भोकं आहेत.” इथे आजीने गाळणी उचलून चहाच्या भांड्याजवळ ठेवली, तर खण नीट लागेल, पण खेळ संपेल. त्याऐवजी “खरंच की! अजून भोकाचं काय आहे घरात?” असं विचारून बघा. चाळणी येईल, मोदकपात्रातली जाळी येईल, कदाचित बाबांचा बनियनही येईल.

नियम मुलाने ठरवला आणि तो शब्दांत सांगितला, की निम्मं काम झालं. गप्प बसून शंभर मणी बिनचूक लावणाऱ्या मुलापेक्षा दहाच वस्तू चुकतमाकत लावून कारण सांगणारं मूल वाचनाच्या जास्त जवळ असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच वस्तू, नवा नियम

एकदा रंगावरून लावलेली बटणं मोडून आता आकारावरून लावायला सांगा. तीन वर्षांचं मूल बहुधा पुन्हा रंगावरूनच लावेल. तो हट्टीपणा नाही. मनातला पहिला नियम बाजूला ठेवणं त्या वयाला जडच जातं, चार-पाचच्या सुमारास ते जमू लागतं. तोवर आग्रह धरू नका.

पण जमू लागलं, की हा खेळ सोडूही नका. वाचताना मुलाला एकाच शब्दाकडे दोन बाजूंनी बघावं लागतं: तो कसा उच्चारायचा आणि त्याचा अर्थ काय. फडाफड वाचणारी, पण “काय वाचलंस?” म्हटलं की गोंधळणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. त्यांची पहिलीच बाजू पक्की झालेली असते.

दुसरा टप्पा: चित्रं

यावर फार लिहायला नको. जुनी मासिकं, किराणामालाच्या जाहिराती, बिस्किटांचे पुडे कापा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. प्राणी-पक्षी, जमिनीवरचं-पाण्यातलं, खायचं-न खायचं, ‘यातलं वेगळं कोणतं?’ एवढं पुरतं. एक पथ्य मात्र पाळा. चित्र दाखवून आधी मुलालाच नाव सांगू द्या. तुमच्या मनात ‘मांजर’ असतं आणि त्याच्या मनात ‘माऊ’. पुढे आवाजावरून निवडताना अशा चित्रांनी घोटाळा होतो.

तिसरा टप्पा: आवाज

इथे अक्षर दाखवायचं नाही. सगळं कानाने आणि तोंडाने.

1. यमकापासून सुरुवात करा. पाणी, राणी, गाणी, वाणी एका घरात. गाडी, साडी, माडी, नाडी दुसऱ्या घरात. मग तुम्ही मुद्दाम चुका: “पाणी, राणी, चेंडू!” मूल ओरडून तुम्हाला दुरुस्त करेल.

2. मग शब्दाचा पहिला आवाज. ‘म’च्या वस्तू शोध म्हटलं, की आपण मासा, मुंगी, मोर सगळं एका दमात सांगतो. मुलाच्या कानाला मात्र ‘मा’, ‘मुं’, ‘मो’ हे तीन वेगळे आवाज आहेत आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून आधी एकच ‘मा’ घ्या: मासा, माळ, माठ, माकड. समोर ‘सा’ ठेवा: साबण, साप, साडी, साखर. हे पक्कं झालं की मुंगी आणि मोर आणा आणि “यातही ‘मासा’तलाच मऽऽ लपलाय का?” असं विचारा.

3. सुरुवातीला दूरचे आवाज घ्या. ‘म’ आणि ‘स’ चालतील. ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’, ‘ट’ आणि ‘ठ’ या जोड्या शेवटी.

4. टाळ्या वाजवून शब्द तोडा आणि दोन टाळ्यांचे, तीन टाळ्यांचे असे शब्दांचे गट करा. ‘कमळ’ला मूल दोनच टाळ्या वाजवतं, ‘क-मळ’. आपण तीन अक्षरं पाहिलेली असतात म्हणून आपल्याला तीन हव्या असतात. बोलताना ‘कमळ’चे दोनच तुकडे पडतात, त्यामुळे दोन मान्य करा. तिसरं अक्षर लिहायला लागल्यावर भेटेलच.

आता मराठीच्या काही खास खाचखळग्यांबद्दल. हिंदी-इंग्रजीवरून केलेल्या पुस्तिकांत ते सापडत नाहीत आणि घरी नेमके तेच आडवे येतात.

‘च’च्या वस्तू गोळा करताना मुलाने चमचा, चाक, चूल एका टोपलीत टाकली आणि चिमणी, चेंडू, चंद्र दुसऱ्या टोपलीत, तर दुरुस्त करू नका. स्वतः मोठ्याने म्हणून बघा, चमच्यातला ‘च’ आणि चिमणीतला ‘च’ वेगळाच ऐकू येतो. ‘जाळं’ आणि ‘जेवण’, ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांचंही तेच. “तुझा कान अगदी बरोबर आहे, पण लिहिताना दोघांना एकच अक्षर,” एवढं सांगून पुढे जा. कान तयार होईपर्यंत च-ज-झ बाजूला ठेवले तरी चालेल.

‘श’ आणि ‘ष’ आता आपल्या बोलण्यात सारखेच झाले आहेत. ऱ्हस्व-दीर्घही कानाला फारसे वेगळे कळत नाहीत. मोठ्यांना जे ऐकू येत नाही, ते पाच वर्षांच्या मुलाला कानाने निवडायला सांगणं अन्याय आहे. या जोड्या डोळ्यांनी शिकायच्या असतात, त्याही बऱ्याच नंतर.

घरातली बोली वेगळी असेल तर? पाण्याला ‘पानी’ म्हणणारी घरं आहेत, वऱ्हाडात डोळ्याला ‘डोया’ म्हणणारी आहेत. मुलाने ‘पानी’ म्हणून तो शब्द ‘न’च्या गटात टाकला, तर त्याने जे ऐकलं तेच टाकलं. सगळ्यांसमोर उच्चार सुधारू नका. तुम्ही ‘पाणी’ म्हणत राहा आणि सुरुवातीच्या खेळांसाठी दोन्हीकडे सारखे असणारे शब्द घ्या. वारली, कोरकू, गोंडी किंवा आणखी कुठली भाषा बोलणाऱ्या घरांत पहिले दोन टप्पे त्याच भाषेत होऊ द्या. वस्तू ओळखीची, भाषा ओळखीची आणि फक्त खेळ नवा, असं असलं की मूल बिचकत नाही.

चौथा टप्पा: अक्षरं

साधारण पाच-साडेपाचला, आवाजाचे खेळ रंगू लागले की अक्षरं आणा. मुळाक्षरांच्या क्रमाने जायची गरज नाही. क, ख, ग, घ हा क्रम तोंडातल्या उच्चाराच्या जागेवरून लावलेला आहे, दिसण्यावरून नाही. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं ‘ग म भ न’ मात्र दिसण्यावरूनच आहे. एक वळण हाताला बसलं की पुढचं अक्षर सोपं जातं.

निवडण्यासाठी तीन खेळ पुरेसे आहेत:

- एकच अक्षर, अनेक रूपं. वर्तमानपत्राचे मथळे, कॅलेंडर, औषधाचं खोकं, एसटीची पाटी. सगळीकडून ‘म’ शोधायचा आणि पेन्सिलीने गोल करायचा. छोटा, मोठा, जाडा, तिरका, सगळे ‘म’ एका घरात.
- उभ्या दंडावरून गट. शेवटी दंड असलेली (ग, म, न, प, त, स), मधोमध दंड असलेली (क, फ), दंडच नसलेली (ट, ठ, ड, ढ, द, ह, र). मुलांना हा खेळ आवडतो आणि पुढे जोडाक्षरांच्या वेळी त्याचा उपयोग होतो. पहिल्या गटाचा दंड काढला की अर्धं अक्षर तयार, क-फ यांचा उजवा भाग आखडतो आणि तिसऱ्या गटाला काढायला दंडच नसतो, म्हणून त्यांची जोडणी वेगळी. ‘र’ तर एकटाच चार-चार सोंगं घेतो, त्याची पंचाईत दुसरीतल्या बाईंवर सोडा.
- फसव्या जोड्या. घ-ध, भ-म, व-ब, थ-य, प-ष, ड-इ, आणि ‘ख’च्या जागी र-व. यातली दोन्ही अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. आधी एक पक्कं होऊ द्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग दुसरं शिकवा आणि नंतरच दोन्हींचे कागद मिसळून निवडायला द्या. घाई केली की गोंधळ वर्षानुवर्षं पुरतो.

कागदाबरोबर बोटांनाही काम द्या. बारीक सॅंडपेपर कापून केलेलं अक्षर बोटाने गिरवणं ही मॉन्टेसरी पद्धतीतली जुनी आणि चांगली युक्ती आहे. परातीत पसरलेला रवाही चालतो.

पाचवा टप्पा: शब्द

पहिली-दुसरीतल्या मुलाला छोट्या चिठ्ठ्यांवर ओळखीचे शब्द लिहून द्या आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा यांवरून गट करू द्या. त्यापुढचा खेळ जरा अवघड, पण मोठा गमतीचा आहे. कागदावर चार घरांचा चौकोन आखा. वर लिहा ‘फळ’ आणि ‘भाजी’. बाजूला लिहा ‘प’ आणि ‘क’. चिठ्ठ्या अशा: पेरू, पपई, पालक, पडवळ, केळं, कलिंगड, कोबी, कारलं. प्रत्येक चिठ्ठी एकाच वेळी अक्षराने आणि अर्थाने योग्य घरात बसली पाहिजे. मघाशी म्हटलेल्या दोन्ही बाजू इथे एकत्र येतात. जमलं की मुलालाच नवा चौकोन करायला सांगा: प्राणी आणि वस्तू, ‘ब’ आणि ‘ग’.

इंग्रजी माध्यमात किंवा परदेशात असाल तर

आवाजाचा टप्पा मराठीतच करा. शब्दाचा पहिला आवाज वेगळा काढणं एका भाषेत जमलं, की दुसरीत त्याचा उपयोग होतोच. बस, बॅट, बदक, बटाटा हे सगळे एका टोपलीत खुशाल बसतात. दोन लिप्यांची अक्षरं मात्र एका बैठकीत मिसळू नका, पेटी वेगळी आणि वेळही वेगळी. रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी आठवडाभर फक्त बोलण्याचे खेळ घेतले, तरी पुष्कळ झालं.

इथे पाय घसरतो

- सुटे दाणे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला वाटाणे, हरभरे, मणी, बटणं देऊ नका. नाकाकानात जातात, घशात अडकतात. त्या वयाला वाट्या, चमचे, मोजे. मोठ्या मुलांसोबतही मोठं माणूस हवंच.
- बाजारातले तक्ते. बरेचसे हिंदीवरून केलेले असतात. ‘ख’ला ससा, ‘इ’ला चिंच, ‘भ’ला अस्वल. हिंदीत ते खरगोश, इमली आणि भालू म्हणून बरोबर आहे, पण मराठी मूल ‘ख ससा’ म्हणत राहतं आणि आवाजाशी अक्षर जुळण्याचं कामच बारगळतं. विकत घेण्याआधी प्रत्येक चित्राचं मराठी नाव म्हणून बघा. ‘ळ’ आहे का, आणि ‘ल’ व ‘श’ मुलाच्या पाठ्यपुस्तकातल्यासारखे आहेत का, हेही बघा.
- महागडे संच. गरज नाही. मॉन्टेसरीबाईंनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, तेव्हापासून त्यांची साधनं जगभर गेली, पण ती बेतून करावी लागतात आणि किंमतही तशीच असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना बिया, पानं, दगड, शिंपले यांच्यावर भागवलं. तुमच्या अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत यातलं बरंच मिळेल.
- ‘मुलांची खेळणी, मुलींची खेळणी’ असे गट करायला लावणं. छापील पुस्तिकांत अजूनही दिसतं. ते पान सरळ फाडून टाका.
- परीक्षा. पाहुण्यांसमोर “दाखव बरं काकांना” नको. दहा-पंधरा मिनिटं झाली किंवा मूल कंटाळलं, की आवरतं घ्या.

कधी तपासून घ्यावं

पाच-सहा वर्षांच्या मुलाने अक्षर उलटं काढणं, घ-ध मध्ये गोंधळणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पुढच्या गोष्टींकडे लक्ष असू द्या:

- लाल-हिरवं वारंवार मिसळणं. रंग ओळखण्यातली ही अडचण जन्मजात असू शकते आणि मुलग्यांमध्ये जास्त आढळते. डोळे तपासा, रागावू नका.
- यमक, पहिला आवाज काहीच न कळणं, दोनदा हाक मारावी लागणं, सतत सर्दी किंवा कान वाहणं. आधी कान तपासा.
- पाच वर्षांनंतरही साधे दोन गट न करता येणं किंवा सूचना न समजणं.
- दुसरी संपत आली, घरी आणि शाळेत मेहनत झाली, तरी साधे शब्द न लागणं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये येऊन मुलांची मोफत तपासणी करतात. विकासातला विलंबही त्यात पाहिला जातो. पुढची तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि तुम्हाला जे दिसलं ते डॉक्टरांना उदाहरणांसह सांगा. ‘अभ्यासात कच्चा आहे’ यावरून त्यांना काहीच कळत नाही. ‘पाणी-राणी सारखं वाटतं का विचारलं तर सांगता येत नाही’ यावरून कळतं.

शाळेपुढे तुमचे हक्क

- शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. पहिलीच्या प्रवेशाला “वाचता येतं का बघू” म्हणणारी शाळा कायदा मोडते. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.
- वाचता येत नाही म्हणून मारणं किंवा मानसिक त्रास देणं याला याच कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे.
- 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षं हा सगळा पायाभूत टप्पा मानतं आणि 2021 मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं, तेव्हा समजून वाचण्यासाठी तिसरीच्या अखेरपर्यंतची मुदत ठेवली होती. छोट्या शिशूत जोडाक्षरांचा गृहपाठ आला, तर हे दाखवून शांतपणे बोलता येतं.
- दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकर ओळखणं आणि त्यानुसार शिकवण्याची सोय करणं, हे सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शाळेने करावं, असं कलम 16 सांगतं.

बोलून भागलं नाही, तर शिक्षण हक्क कायद्याखालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्या. ग्रामीण भागात पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या शिक्षण विभागात चौकशी करा. तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो पटला नाही, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. अर्जात तारीख, कोण काय म्हणालं आणि तुम्हाला काय हवं आहे, एवढंच लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या.